कार्यालयासाठी भाड्याची जागा घेताना



नंदुरबारमधील आपले कार्यालय ज्या इमारतीत आहे ती मालकांनी विकायला काढली आहे. त्यांनी हे आम्हांला वेळेत आणि सरळपणे सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. या वर्षी आपल्याला नवी जागा पाहावी लागणार आहे. ही बातमी कळल्यावर काही वर्गणीदारांनी पत्राने आणि फोनवर दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, सेवा डोंगरातल्या पाड्यांवर चालते, मग शहरात भाड्याची जागा कशाला? दुसरा असा की, मंडळीच्या आवारात एखादी खोली फुकट मिळत असताना दानाचा पैसा भाड्यात का घालवायचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. संस्थेचा कार्यवाह या नात्याने त्यांची उत्तरे देणे माझे काम आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण इतर संस्थांच्या, शाळांच्या आणि मंडळ्यांच्या कारभारातही आहेत, म्हणून जागा घेताना पाहायच्या गोष्टी जरा सविस्तर लिहितो.

शहरात जागा कशासाठी?

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतल्या लोकांची जिल्हाधिकारी कार्यालयातली आणि जिल्हा रुग्णालयातली कामे नंदुरबारलाच होतात. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीतली त्रुटी, वनहक्काच्या दाव्यावरील अपील, सिकलसेलच्या रुग्णाची तपासणी यांपैकी कशासाठी तरी माणूस पहाटेच्या एसटीने निघतो. साहेब भेटले नाहीत तर दुपारपर्यंत थांबतो. त्याला बसायला सावली, प्यायला पाणी, बाळाला पाजायला आडोसा आणि अर्ज लिहून देणारे कोणीतरी हवे असते. आपले कार्यालय मुख्यतः यासाठी आहे. टेबल-खुर्ची आणि फलक या त्यानंतरच्या गोष्टी.

दुसरे कारण कागदांचे. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्याखालच्या दाव्यांच्या फायली, मोजणीचे नकाशे, ग्रामसभेचे ठराव आणि कित्येक कुटुंबांच्या कागदपत्रांच्या प्रती आपल्या कपाटात आहेत. जागा एका रात्रीत सोडावी लागली, तर संस्थेची गैरसोय होईलच, पण ज्याच्या दाव्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे त्याचे नुकसान त्याहून मोठे होईल. म्हणून किती स्वस्त मिळते एवढेच पाहून भागत नाही, किती पक्के मिळते हेही पाहावे लागते.

यावरून आमच्या गरजा ठरल्या आहेत. जागा तळमजल्यावर असावी, बसस्थानक किंवा जिल्हा रुग्णालय यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, पाणी व स्वच्छतागृह असावे आणि कपाटांसाठी कोरडी, कुलूपबंद खोली असावी. गरजा आधी लिहून काढल्या की चकचकीत जागेचा मोह होत नाही आणि केवळ स्वस्त म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खोलीही घेतली जात नाही.

भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स

आपण सगळ्यालाच ‘भाडेकरार’ म्हणतो, पण कायद्यात दोन वेगळे प्रकार आहेत. भाडेपट्ट्यात जागा वापरण्याचा हक्क ठरावीक काळासाठी आपल्याकडे येतो. तो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ खाली मोडतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये मालक आपल्याला जागा वापरण्याची फक्त परवानगी देतो. मिळकतीत आपला कसलाही हक्क तयार होत नाही आणि कायद्याच्या नजरेत ताबा मालकाचाच राहतो. ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहे.

फरक पुस्तकी वाटेल, पण आपली सध्याची अडचण त्यातूनच समजते. भाडेपट्टा असताना मालकाने इमारत विकली, तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि पट्टा चालू राहतो. लायसन्स असताना इमारत विकली, तर नवा मालक त्या परवानगीने बांधलेला नसतो. त्याने ‘जागा रिकामी करा’ म्हटले, तर जुन्या मालकाचा शब्द त्याला दाखवून उपयोग होत नाही.

मग सगळे भाडेपट्टाच का करत नाहीत? त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून मालकांच्या मनात भीती बसली की एकदा आत आलेला बाहेर जात नाही. संस्थेला जागा देताना ती भीती अधिकच असते. दुसरे असे की भाडेपट्ट्याचे मुद्रांक शुल्क मिळकतीच्या बाजारभावाशी जोडलेले असल्याने ते बरेच जास्त पडते. त्यामुळे बहुतेक मालक लायसन्सच देऊ करतात आणि आपल्यालाही बहुधा तेच घ्यावे लागेल. तसे असेल तर त्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. जागा विकायची झाल्यास मालकाने किमान तीन महिने आधी लेखी कळवावे, आणि मुदतीपूर्वी जागा सोडावी लागल्यास अनामत रक्कम व सामान हलवण्याचा खर्च त्याने द्यावा. ही अट नव्या मालकाला बांधत नाही, पण जुन्या मालकाकडून भरपाई मागण्याचा आधार मिळतो.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, या जुन्या नियमातून ते आले. महाराष्ट्रात मात्र ते लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला पाहिजे, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती त्याने पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, त्याविरुद्ध सिद्ध झाले तरच ते बाजूला पडते.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे करार नोंदला, असे समजू नये. नोटरी वेगळी आणि दुय्यम निबंधकाकडील नोंदणी वेगळी. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइनही होते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ती करायची असते.

खर्च किती येतो? एक उदाहरण घेऊ. समजा भाडे महिना १२,००० रुपये, मुदत ३ वर्षे आणि परत मिळणारी अनामत ५०,००० रुपये. तीन वर्षांचे भाडे ४,३२,००० रुपये झाले. अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरायचे, ते तीन वर्षांचे १५,००० रुपये. एकूण ४,४७,००० रुपयांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे १,१२० रुपये. त्यावर नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. तीन वर्षांच्या स्वास्थ्यासाठी ही रक्कम मोठी नाही. हा हिशेब ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला लागू होतो. दर अकरा महिन्यांनी नवा कागद करण्यापेक्षा एकदाच तीन वर्षांचा केला तर धावपळ वाचते आणि भाडेवाढही आधी ठरते.

सही करण्यापूर्वी काय वाचावे

मालकी. जागा देणारा खरोखर मालक आहे का, हे मालमत्ता पत्रक, खरेदीखताची सूची क्रमांक दोन किंवा घरपट्टीची पावती पाहून कळते. वडिलोपार्जित मिळकत असेल तर सर्व वारसांची संमती लागते. एका भावाने दिलेली जागा दुसरा भाऊ अडवतो, हे आपल्याकडे नवीन नाही. जागेवर बँकेचे कर्ज आहे का, तेही विचारावे.

वापर. राहण्याच्या सदनिकेत कार्यालय थाटायचे तर गृहनिर्माण सोसायटीचे ना हरकत पत्र आधी घ्यावे. वापर बदलला की घरपट्टी आणि वीजबिल निवासी दराने राहत नाही. भाडे कमी म्हणून घेतलेली सदनिका अशा वेळी महाग पडते. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ते कोण भरणार, हे करारात लिहावे.

क्षेत्रफळ. भाडे कोणत्या चौरस फुटांवर सांगितले आहे, ते विचारावे. भिंतींच्या आतली वापरायची जागा म्हणजे कार्पेट. बिल्ट-अपमध्ये भिंती येतात आणि सुपर बिल्ट-अपमध्ये जिना व व्हरांड्याचा वाटाही येतो. दोन जागांची तुलना करायची तर दोन्ही कार्पेटवर मोजाव्यात. टेप घेऊन स्वतः मोजणे सर्वांत चांगले.

लॉक-इन. म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ. आपल्यासारख्या संस्थेचा निधी वर्षावर्षाने येतो. तीन वर्षांचे लॉक-इन मान्य केले आणि दुसऱ्या वर्षी निधी आटला, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे मागितले जाऊ शकते. म्हणून आमचा आग्रह असा राहील की संस्थेला दोन-तीन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता यावे आणि मालकाने मात्र मुदत पाळावी. सगळे मालक हे मानत नाहीत, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही.

अनामत. ती जागा सोडण्याच्या दिवशीच, किल्ली देताना परत मिळावी, असे लिहावे. ‘नंतर हिशेब करू’ या शब्दांत अनामती अडकतात. रंगसफेदी, नळ आणि दरवाजे यांची नेहमीची झीज कापून घेऊ नये, हेही लिहावे. ताबा घेताना भिंतींचे, मीटरच्या आकड्याचे आणि पंख्या-दिव्यांचे फोटो काढून दोघांनी त्यावर सही करावी. आपल्या ताळेबंदात अनामत हा खर्च नसून संस्थेचे येणे असते. वार्षिक अहवाल वाचताना ते लक्षात असू द्यावे.

कर. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर कार्यालयाच्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो. दुकानदाराला त्याची वजावट मिळते, आपल्यासारख्या संस्थेला सहसा मिळत नाही. म्हणून सांगितलेले भाडे करासह की कराशिवाय, हे पहिल्याच भेटीत विचारावे. भाडे महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर १० टक्के आयकर कापून भरावा लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे.

फुकट खोलीचा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मंडळीने खोली देऊ केली, त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो आणि तो पर्याय आम्ही सोडलेला नाही. फक्त तोही तितकाच कागदावर असावा.

पुष्कळदा मंडळीची मिळकत स्थानिक मंडळीच्या नावावर नसून एखाद्या ट्रस्टच्या नावावर असते. तेव्हा पाळकसाहेबांचा होकार आणि पंचांचा ठराव मनाला समाधान देतो, पण जागा देण्याचा अधिकार त्या ट्रस्टच्या विश्वस्तांचा असतो. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्यावर द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर पट्टा वैध ठरत नाही. आपल्या सोयीसाठी मंडळीला अडचणीत आणणे बरे नाही. उद्या पंच बदलले, एखाद्याने हरकत घेतली, तर दोन ख्रिस्ती संस्था एकमेकींसमोर उभ्या राहायच्या. ते टाळायचे तर आज चार कागद केलेले बरे.

एखाद्या विश्वासणाऱ्याने स्वतःचा गाळा बिनभाड्याने दिला तर? मनापासून स्वागत. पण त्यांना हे माहीत असावे की न घेतलेल्या भाड्यापोटी आम्हांला ८०-जी ची पावती देता येत नाही. ती सवलत पैशाच्या रूपातील दानालाच आहे, आणि तेही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. तसेच एखाद्या विश्वस्ताची किंवा त्याच्या नातेवाइकाची जागा घ्यायची झाली, तर बाजारभावापेक्षा जास्त भाडे देणे संस्थेच्या आयकर सवलतीला धोक्याचे ठरू शकते. अशा वेळी त्या विश्वस्ताने ठरावात भाग घेऊ नये आणि शेजारच्या दोन-तीन जागांचे दर इतिवृत्तात नोंदवावेत. नियम पाळला जातोच, शिवाय उद्या कोणी बोट दाखवले तर उत्तर तयार असते.

भाडे हा ‘वरखर्च’ का मानला जातो

ज्या संस्था परदेशातून देणगी घेतात त्यांना आणखी एक मर्यादा आहे. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० मध्ये २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कार्यालयाचे भाडे या प्रशासकीय खर्चात मोजले जाते. वीज, टेलिफोन, टपाल आणि हिशेबनिसाचा खर्चही त्यातच येतो. म्हणजे भाडे वाढले की त्याच वीस टक्क्यांत हिशेबनिसाला कमी उरते. देणगीदार पाहुण्यांना हे सांगितले की ‘कार्यालयासाठी’ म्हणून दिलेल्या स्थानिक दानाचे मोल त्यांना कळते. आपल्यापैकी जे दरमहा ठरावीक रक्कम ‘जिथे गरज असेल तिथे’ असे लिहून पाठवतात, त्यांच्या पैशाची हीच जागा आहे.

पाड्यावरची जागा: इथे विशेष जपून

काहींनी सुचवले की शहराऐवजी एखाद्या पाड्यावर आदिवासी बांधवाचीच जागा घ्यावी, म्हणजे भाडे त्यांच्याच घरात जाईल. विचार चांगला आहे, पण इथे कायदा आपल्याला थांबवतो आणि थांबवतो ते योग्यच आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापलीकडे शासनाची मान्यताही लागते. आपली संस्था आदिवासींसाठी काम करते, म्हणून या नियमातून सुटत नाही.

हा नियम का आला, ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, दोन पोती धान्याच्या उधारीवर जमीन कसायला घ्यायची आणि पुढे ती परत द्यायचीच नाही, हे या डोंगरपट्ट्यात पिढ्यान् पिढ्या चालले. अशा जमिनी परत मिळाव्यात म्हणून १९७४ साली राज्याने वेगळा कायदाच केला. ज्यांच्या वनहक्काच्या फायली आपण लिहितो, त्यांच्याच जमिनीवर साध्या स्टॅम्पपेपरवर करार करून आपण खोली बांधली, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी वाट जुनीच झाली. उद्या दुसरा कोणी येऊन म्हणेल, ‘मिशनवाल्यांनी घेतली, मग आम्ही का नको?’ त्याला आपल्याकडे उत्तर नसेल. म्हणून पाड्यावर बैठक किंवा वर्ग घ्यायचा तर ग्रामसभेला विचारून समाजमंदिर किंवा शाळेची खोली वापरावी, ही आपली रीत आहे आणि ती पुढेही राहील.

जागा घेतल्यानंतरचे काम

किल्ली हातात आली की काम संपत नाही. सुरुवातीलाच विश्वस्त मंडळाचा ठराव हवा: कोणती जागा, किती भाडे, किती मुदत आणि सही कोणी करायची. नोंदणीकृत पत्ता बदलला तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. बँक, पॅन, आयकर आणि परदेशी देणगीची नोंदणी असल्यास गृह मंत्रालय, या सगळीकडे नवा पत्ता कळवावा लागतो. हे राहिले की नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात आणि आपल्याला त्यांचा पत्ताच लागत नाही. नोंदलेल्या कराराची मूळ प्रत कपाटात, एक प्रत लेखापरीक्षकाकडे आणि एक प्रत अध्यक्षांकडे राहील. भाडे दरमहा बँकेतूनच जाईल.

आपण काय करू शकता

बसस्थानक किंवा जिल्हा रुग्णालयाच्या परिसरात तळमजल्यावरची जागा आपल्या माहितीत असेल तर कळवा. मंडळीत कोणी वकील असतील, दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नगरपालिकेतून निवृत्त झालेले कोणी असतील, तर कराराचा मसुदा वाचायला त्यांनी एक संध्याकाळ द्यावी. सामान हलवताना कपाटांना आणि फायलींना हात लावायला तरुण संघाची चार मुले लागतील. फायली पाऊस लागण्याआधी नव्या जागेत पोहोचाव्यात, एवढी आमची इच्छा आहे. आणि आपल्या प्रार्थनेत या कामाचीही आठवण असू द्या.

जागा ठरल्यावर भाडे, अनामत आणि मुदत हे तिन्ही आकडे पुढच्या अंकात छापू. वर्गणीदारांना ते विचारण्याचा हक्क आहे, आणि न विचारता सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आपला बंधू,
कार्यवाह